दर्या, दऱ्या आणि सॉफ्टवेअरची निवड

गेल्या काही महिन्यांत रत्नागिरीतील अनेक परिचितांनी मजपाशी एक प्रश्न आणला. त्यांत न्यायालयाच्या आवारात दस्तऐवजांचे मसुदे करणारे आहेत, आंब्याच्या पेट्या मुंबई-पुण्यास धाडणारे बागायतदार आहेत, तसेच शाळा-देवस्थानांचा जमाखर्च निरपेक्षपणे सांभाळणारे सेवानिवृत्त शिक्षकही आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. विंडोज ११ चालवण्यास टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आणि साधारणतः २०१७ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर लागतो. आणि त्यामुळे घरोघरी व कचेऱ्यांतून अद्याप उत्तम चाललेले कित्येक संगणक एका तारखेने जुने ठरले. नवा संगणक घ्यावा, की आहे त्यावरच लिनक्स बसवावे, की मुलाने पाठवलेला मॅक वापरात आणावा, असा विचार जो तो करू लागला, आणि त्या विचाराच्या अखेरीस प्रत्येकाच्या तोंडी तेच वाक्य आले : “आमचं सॉफ्टवेअर तिथं चालेल का?”

हा प्रश्न संगणक बदलण्याच्या वेळी उद्भवतो, परंतु त्याचे उत्तर कित्येक वर्षे आधी, सॉफ्टवेअर प्रथम निवडले त्या दिवशीच ठरलेले असते. काही सॉफ्टवेअर एका विशिष्ट प्रणालीकरिताच घडवलेले असते. त्यास या व्यवसायात ‘नेटिव्ह’ म्हणतात आणि मी त्यास येथे देशज म्हणेन. काही सॉफ्टवेअर विंडोज, मॅक व लिनक्स अशा अनेक प्रणालींवर चालावे या हेतूनेच रचलेले असते; त्यास ‘क्रॉस-प्लॅटफॉर्म’ म्हणतात, आणि त्यास बहुप्रणालीय म्हणणे सोयीचे. या दोहोंत श्रेष्ठ कोणते याविषयी ते घडवणारे लोक पुष्कळ वाद घालतात. वापरणाऱ्याने मात्र त्या वादात न शिरता आपल्या कामाकडे पाहावे. जे काम समोरच्या यंत्राशी, त्याच्या छपाईयंत्राशी व आपल्या हाताच्या सवयीशी बांधलेले आहे त्यासाठी देशज सॉफ्टवेअर घ्यावे. जो मजकूर त्या यंत्राहून अधिक काळ टिकायचा आहे त्यासाठी बहुप्रणालीय सॉफ्टवेअर घ्यावे. आणि दोन्ही बाबतींत दप्तराची मालकी आपल्याकडे राहील अशी तजवीज प्रथम करावी. एवढेच या लेखाचे सार आहे. पुढे जे लिहिले आहे ते त्याची कारणे आणि कृती सांगण्यासाठी.

रायवळ, कलम आणि कुंडीतले झाड

आपल्याकडील बागायतदारास हा भेद समजावून सांगण्यास फार सायास पडत नाहीत. रायवळ आंब्याचे झाड जेथे कोय रुजली तेथेच, त्याच मातीतून, आपल्याच मुळांवर उभे राहते. पाऊस, वारा व कातळ यांच्याशी त्याचा जन्मापासूनचा परिचय असतो. देशज सॉफ्टवेअर हे असे असते. त्याच्या खिडक्या, याद्या, अक्षरे, कळफलकाची वहिवाट, छपाईची व्यवस्था, सारे काही ते ज्या प्रणालीवर चालते तिच्याकडूनच घेतलेले असते, आणि म्हणून ते त्या प्रणालीस परके वाटत नाही. आपल्या व्यापारी पेढ्यांतून सर्वत्र दिसणारे टॅली हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचे आजचे रूप विंडोजसाठीच आहे. मॅकवरील पेजेस हेही याच जातीचे.

हापूसची गोष्ट निराळी. हापूसची कोय पेरली म्हणजे हापूसच येईल असा भरवसा नसतो. म्हणून रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधून कलम करतात, मूळ स्थानिक मातीचे राहते आणि फळ मात्र सर्वत्र एकाच गुणाचे मिळते. चांगले बहुप्रणालीय सॉफ्टवेअर हे असे कलम असते. त्याचा गाभा एकच, परंतु प्रत्येक प्रणालीसाठी तो वेगळा बांधलेला. २०१० साली ओपनऑफिसमधून फुटून निघालेले लिब्रेऑफिस, फ्रान्समधील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून वाढलेले व्हीएलसी, तसेच फायरफॉक्स, गिम्प व इंकस्केप ही सारी कलमेच म्हणावी लागतील.

तिसरा प्रकार कुंडीतल्या झाडाचा. ते आपली माती आपल्याबरोबर घेऊन हिंडते; कोणत्याही अंगणात ठेवा, ते जगते, परंतु कुंडीचे ओझे मात्र उचलावे लागते. २०१३ साली गिटहब या कंपनीने इलेक्ट्रॉन नावाची जी चौकट तयार केली, तिच्यावर उभे राहिलेले सॉफ्टवेअर क्रोमियम हा संपूर्ण ब्राउझरच आपल्या पोटात बाळगते. म्हणून एखाद्या साध्या टिपणवहीलाही डिस्कवर शंभर-दोनशे मेगाबाइट जागा लागते, आणि अशी तीन-चार सॉफ्टवेअरे एकाच वेळी उघडली म्हणजे तीन-चार ब्राउझर एकदम चालवल्यासारखे होते. सोळा जीबी मेमरीच्या संगणकास त्याचे काही वाटत नाही. चार जीबीच्या जुन्या संगणकास मात्र धाप लागते. सॉफ्टवेअर घेताना ते ‘सगळीकडे चालते’ एवढे ऐकून समाधान न मानता, ते कलम आहे की कुंडी आहे, हे अवश्य विचारावे.

या तिन्हींहून वेगळी अशी एक चौथी वस्तू आहे, ती म्हणजे केवळ संकेतस्थळावर चालणारी सेवा. तीही सर्व प्रणालींवर चालते, म्हणून लोक तिची बहुप्रणालीय सॉफ्टवेअरशी गल्लत करतात. परंतु कोकणात हा भेद विसरून चालत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात वीज व दूरसंचार कित्येक दिवस खंडित होते. वादळ नसले तरी पावसाळ्यात आंतरजाल एकाएकी तुटणे हा आपला नित्याचा अनुभव आहे. ज्यांची खतावणी स्वतःच्या संगणकावर आहे ते वीज येताच कामास लागतात. ज्यांची सर्व खतावणी दूरच्या सर्व्हरवर आहे त्यांस वीज आल्यावरही जाल येण्याची वाट पाहावी लागते. म्हणून कोणत्याही सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा अशी घ्यावी : वाय-फाय बंद करून ते उघडावे, आणि कालचे काम दिसते का व आजचे काम करता येते का, हे पाहावे.

देशज सॉफ्टवेअरचा कैवार

एप्रिल-मे महिन्यांत एखाद्या आंबा-व्यापाऱ्याच्या गोदामात अर्धा तास उभे राहावे. एका बाजूस पेंढ्यातून फळे निवडून डझनावारी पेट्यांत भरली जात असतात, बाहेर टेम्पो थांबलेला असतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेला हिशेबनीस माउसला स्पर्शही न करता एफ-८ दाबून विक्रीची नोंद करतो, एफ-६ दाबून आलेली रक्कम लिहितो, एफ-५ दाबून हमालीचे पैसे खर्ची टाकतो, आणि त्याचे डोळे पडद्यावर नसून हातातल्या चिठ्ठीवर असतात. ही बोटांची विद्या कित्येक हंगामांच्या मेहनतीने आलेली असते. तिची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसली तरी तिच्यावरच तो हंगाम चालतो, आणि ‘लिनक्स फुकट आहे’ एवढ्या कारणासाठी ती मोडणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. ज्याचा व्यवहार टॅलीवर आहे, ज्याच्या टेबलावर जुने डॉट-मॅट्रिक्स छपाईयंत्र आहे, ज्यास लेबले छापणारे वा बारकोड वाचणारे उपकरण जोडावे लागते, त्याने निदान त्या एका टेबलापुरता विंडोजचा संगणक ठेवावा हे उचित. वाइन नावाच्या साधनाने विंडोजची काही सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवता येतात हे खरे, पण हंगामाच्या ऐन भरात ज्याच्यावर हवाला ठेवावा असा तो मार्ग नाही.

सरकारी कामांतही अशी बंधने भेटतात. आयकर विवरणाची एक्सेलमधली युटिलिटी तिच्यातील मॅक्रोंच्या आधारे चालते, आणि ती लिब्रेऑफिसमध्ये उघडून काम होत नाही. तेथे मायक्रोसॉफ्टचे एक्सेलच लागते. डिजिटल स्वाक्षरीचे जे यूएसबी टोकन वकील व करसल्लागार वापरतात, त्याचे चालक-सॉफ्टवेअर आपल्या प्रणालीसाठी मिळते किंवा कसे, हे संगणक बदलण्यापूर्वी टोकन देणाऱ्यास विचारून घ्यावे. मुदत संपण्याच्या आदल्या रात्री हे विचारण्याचा प्रसंग येऊ देऊ नये.

देशज सॉफ्टवेअरचा दुसरा मोठा गुण म्हणजे त्याची आपुलकी. १९९४ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने वर्डची सहावी आवृत्ती विंडोज व मॅक या दोहोंसाठी एकाच गाभ्यावरून काढली. मॅकवर ती इतकी संथ व परकी वाटली की वापरणाऱ्यांनी तक्रारींची रास लावली, आणि अखेर १९९८ च्या आवृत्तीत कंपनीस मॅकच्या चालीरीतींप्रमाणे तिची नव्याने घडण करावी लागली. एक्सेलसुद्धा प्रथम १९८५ साली मॅकसाठी आले आणि विंडोजवर दोन वर्षांनी आले, ही गोष्ट आज कित्येकांस ठाऊक नसते. सॉफ्टवेअरची जात जन्मतः ठरून कायमची राहत नाही. ते घडवणाऱ्यांच्या सोयीप्रमाणे ती बदलते. व्हॉट्सअ‍ॅपचे उदाहरण तर सर्वांच्या समोरचे आहे. संगणकावर ते प्रथम २०१६ साली इलेक्ट्रॉनच्या कुंडीत आले; २०२२ साली विंडोजसाठी ते देशज रूपात आले आणि हलके झाले; आणि २०२५ च्या अखेरीस विंडोजवर ते पुन्हा वेब-आवरणात गेले. वापरणाऱ्याने यातून इतकेच ध्यानी घ्यावे की आज जे हलके आहे ते उद्या तसेच राहील अशी सनद कोणी आपणास दिलेली नसते.

दृष्टिहीन किंवा अल्पदृष्टी असलेल्या व्यक्तीसाठी सॉफ्टवेअर निवडताना हा विचार अधिकच काळजीने करावा. एनव्हीडीए हे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून विकसित होत आहे, आणि ते विंडोजवरच चालते. ज्या सॉफ्टवेअरच्या कळी व याद्या प्रणालीच्या स्वतःच्या असतात, त्यांची नावे त्यास बहुधा आपोआप वाचता येतात. ज्याने आपली कळ स्वतःच रंगवून काढली आहे त्याने ती वाचनयोग्य करण्याची स्वतंत्र मेहनत घेतलेली असावी लागते, आणि ती सर्वांनीच घेतलेली नसते. येथे तज्ज्ञाच्या शिफारशीपेक्षा, जी व्यक्ती ते वापरणार आहे तिच्या हाती अर्धा तास ते देऊन पाहणे, हाच खरा निवाडा.

मराठी अक्षरांची कसोटी

आता त्या भागाकडे येतो ज्याविषयी मला सर्वाधिक आस्था आहे, आणि ज्याविषयी इंग्रजीतून लिहिलेल्या मार्गदर्शनात आपणास फारसे काही सापडणार नाही.

२००३ साली एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे आले होते. तीत मिरकरवाड्याच्या एका वृद्ध तांडेलाने आपल्या तरुणपणीच्या दर्याच्या आठवणी सांगितल्या होत्या, आणि घाटाखालच्या गावांतून पायी शाळा तपासत हिंडलेल्या एका शिक्षकाने सह्याद्रीच्या दऱ्यांचे वर्णन केले होते. स्मरणिका त्या काळच्या रीतीप्रमाणे पृष्ठरचनेच्या एका सॉफ्टवेअरमध्ये, एका मराठी फॉन्टच्या संचाच्या साहाय्याने जुळवली गेली, छापली गेली, आणि तिची सीडी मी जपून ठेवली. वीस वर्षांनी, तांडेल व शिक्षक दोघेही हयात नसताना, त्यांचे लेख पुन्हा छापावेत असे शाळेने ठरवले, तेव्हा ती सीडी बाहेर काढली. फाइल होती, पण ती उघडणारे सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालेना. फॉन्टचा संच ज्या यूएसबी-कुलुपावर चालत असे ते कुलूप हरवलेले होते. खटपट करून मजकूर बाहेर काढला तर पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांचा अर्थहीन पसारा दिसला. अखेर रूपांतर करणाऱ्या एका साधनातून तो युनिकोडमध्ये आणला, आणि तेव्हा असे आढळले की शिक्षकाच्या लेखातील प्रत्येक ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झालेला आहे. सह्याद्रीच्या कुशीत जागोजागी समुद्र शिरला होता. छापील प्रत समोर ठेवून सारा मजकूर ओळीने ओळ तपासावा लागला. त्यात आमचे तीन आठवडे गेले.

या घटनेत कोणा एकाचा दोष काढावा असे काही नाही, कारण त्या काळात दुसरा मार्ग फारसा नव्हता. पुण्याच्या सी-डॅकने आणि अनेक खासगी उद्योगांनी त्या वर्षांत मराठी संगणकावर आणली हे आपल्यावरचे ऋणच आहे. परंतु प्रत्येक संचाची अक्षरांकनाची रीत निराळी होती, आणि म्हणून मजकूर त्या-त्या संचाच्या स्वाधीन झालेला असे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली तेव्हापासून तीत देवनागरी आहे, विंडोज २००० पासून सामान्य संगणकावर ती वापरता येऊ लागली, आणि आज दीर्घकाळ टिकवण्याचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये टंकित करण्यास काहीही सबळ कारण उरलेले नाही. छापखान्याचा आग्रह असेल तर छपाईपुरती वेगळी प्रत करून द्यावी. मूळ प्रत युनिकोडमध्येच ठेवावी.

देशज व बहुप्रणालीय सॉफ्टवेअरांचा भेद येथे एका रोचक रूपाने समोर येतो. देवनागरीचे जोडाक्षर पडद्यावर कसे उमटावे, वेलांटी कोठे बसावी, रफार कोणाच्या डोक्यावर जावा, हे ठरवणारे एक स्वतंत्र यंत्र असते. देशज सॉफ्टवेअर हे काम प्रणालीकडून करून घेते. त्यामुळे विंडोजवर एक रूप व मॅकवर किंचित दुसरे रूप दिसण्याचा संभव असतो, आणि ओळींची मोडणी बदलून दहा पानांचा मसुदा साडेदहा पानांवर जातो. लिब्रेऑफिसने २०१७ सालच्या ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर हर्फबझ हे एकच अक्षरयंत्र स्वीकारले. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे खुले. हे नाव फारसीतून आले आहे. त्यामुळे एकच फॉन्ट दोन्हीकडे बसवलेला असेल तर रत्नागिरीतल्या विंडोजवर केलेला मसुदा पुण्यातल्या मॅकवर आणि दुबईतल्या लिनक्सवर बहुधा तसाच उमटतो. कुटुंबाच्या वंशावळीचे, स्थानिक इतिहासाचे किंवा संस्थेच्या अहवालाचे काम चार ठिकाणच्या चार माणसांनी मिळून करावयाचे असेल, तर ही सोय अनमोल आहे.

याउलट नामांकित व महागडे सॉफ्टवेअरही मराठीपुढे अडखळू शकते. फोटोशॉपमध्ये देवनागरी मजकूर घालताना अक्षरे सुटी-सुटी दिसतात अशी तक्रार बॅनर करणाऱ्यांकडून वारंवार येते. त्याच्या जुन्या आवृत्त्यांत पसंतींमध्ये अक्षररचनेसाठी मध्यपूर्व व दक्षिण आशियाई भाषांचा पर्याय निवडला म्हणजे ती जुळतात. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी पुढील ओळ त्यात टंकित करावी :

दर्या, दऱ्या, ऱ्हास, सूर्य, वाङ्मय, उद्ध्वस्त, विठ्ठल, चिठ्ठ्या, शृंगारतळी, दुःख, अ‍ॅप, ऑफिस.

ती पडद्यावर नीट दिसते का, कागदावर नीट छापली जाते का, पीडीएफ करून त्यात ‘दऱ्या’ हा शब्द शोधला असता सापडतो का, हे तिन्ही स्वतंत्रपणे पाहावे, कारण पडद्यावर निर्दोष दिसणारा मजकूर पीडीएफमध्ये शोधता न येणे हा अगदी सामान्य दोष आहे. ज्यांस याद्या कराव्या लागतात, उदाहरणार्थ ग्रंथालयातील कार्यकर्त्यांस, त्यांनी ‘कमळ’, ‘हळद’, ‘क्षीरसागर’ व ‘ज्ञानेश्वर’ असे शब्द घेऊन ते वर्णक्रमाने लावून पाहावेत. मराठी वर्णमालेत क्ष आणि ज्ञ अखेरीस येतात. जे सॉफ्टवेअर त्यांस अनुक्रमे ‘क’ आणि ‘ज’ यांच्या पोटी ढकलते त्याच्यावर मराठी सूचीचे काम सोपवताना हाताने दुरुस्ती करण्याची तयारी ठेवावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अंक लिहून त्यांची बेरीज होते किंवा नाही, हेही पाहण्यासारखे आहे.

आणि टंकलेखनाविषयी एक आग्रहाची विनंती. इन्स्क्रिप्ट हा कळफलक भारत सरकारने प्रमाणित केलेला असून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींत तो आधीपासूनच समाविष्ट असतो. फक्त भाषांच्या यादीतून मराठी निवडून तो सुरू करावयाचा असतो. एकदा तो हाती बसला की कोणत्याही संगणकापुढे, कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये, काहीही नवे न बसवता मराठी लिहिता येते. सॉफ्टवेअर बहुप्रणालीय असण्याहून माणसाचा हात बहुप्रणालीय असणे अधिक लाभाचे. पंधरा दिवस रोज अर्धा तास दिला तर ही विद्या साध्य होते, आणि मग ती जन्मभर पुरते.

निवड कशी करावी

निवडीसाठी मी ज्या क्रमाने जाण्याची शिफारस करतो तो असा. प्रथम एका कागदावर आपली कामे लिहावीत; सॉफ्टवेअरांची नावे लिहू नयेत. ‘वर्ड’ असे न लिहिता ‘नोटिसांचे मसुदे’ असे लिहावे. प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात : या कामास कोणते उपकरण जोडावे लागते, हा मजकूर आणखी कोण वापरतो, आणि तो किती वर्षांनी पुन्हा लागेल. पहिल्या रकान्यात छपाईयंत्र, टोकन, स्कॅनर असे काही ठोस आले असेल तर देशज सॉफ्टवेअरकडे कल ठेवावा. दुसऱ्या रकान्यात निराळ्या प्रणालींवरची माणसे असतील, किंवा तिसऱ्यात पाचाहून मोठा आकडा असेल, तर बहुप्रणालीय सॉफ्टवेअरकडे वळावे.

त्यानंतर निवडलेले सॉफ्टवेअर निदान आठवडाभर, खऱ्या कामावर, चालवून पाहावे. जाल बंद करून ते चालते का. जुन्या संगणकावर दुसरी दोन सॉफ्टवेअरे उघडी असताना ते अडखळते का. वीज गेली आणि संगणक एकाएकी बंद पडला तर अखेरचा मजकूर परत मिळतो का. वर दिलेली मराठी ओळ त्यात नीट उमटते का. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यातला मजकूर दुसऱ्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येतो का. हा शेवटचा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारावा. ज्या घरात शिरताना बाहेर पडण्याचा दरवाजा दाखवला जात नाही तेथे आपले दप्तर नेऊ नये.

जुन्या संगणकावर लिनक्स बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी एक साधी युक्ती करावी. आधी विंडोजवर असतानाच दोन महिने लिब्रेऑफिस, फायरफॉक्स व व्हीएलसी यांवर आपले सर्व काम करावे. हात त्यांस सरावला, काही अडले नाही, तर खालची प्रणाली बदलली तरी वरचे काम तसेच चालू राहते, आणि स्थलांतराचा धसका उरत नाही. अडले तर कोठे अडले हे आधीच कळते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० च्या सुरक्षा-सुधारणांसाठी घरगुती वापरकर्त्यांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदतीची जी योजना दिली, ती ज्यांनी घेतली आहे त्यांना त्या मुदतीपर्यंत ही तालीम घेण्यास अवकाश आहे. ज्यांनी घेतलेली नाही त्यांनी निदान बँकेचे व्यवहार त्या संगणकावर करू नयेत.

माझ्या पाहण्यातील बहुतेक घरांना व पेढ्यांना एकाच जातीचे सॉफ्टवेअर पुरत नाही, आणि त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याने हिशेब टॅलीवर ठेवावा आणि पत्रव्यवहार लिब्रेऑफिसमध्ये करावा. वकिलाने टोकनासाठी विंडोज ठेवावे, परंतु मसुद्यांचा संग्रह कोणत्याही प्रणालीवर उघडेल असा ठेवावा. शिक्षकास व लेखकास प्रणालीचे बंधन मुळीच नसते. त्याने खुशाल जुन्या संगणकावर लिनक्स बसवावे आणि नव्या संगणकाचे पैसे पुस्तकांवर खर्च करावेत.

दप्तराची मालकी

सॉफ्टवेअर कोणतेही असो, मजकूर खुल्या प्रमाणांत ठेवण्याची शिस्त सोडू नये. लिब्रेऑफिसचे ओडीएफ हे स्वरूप २००६ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण झाले, वर्डच्या डॉक्स स्वरूपाचे प्रमाण २००८ साली आले, आणि पीडीएफही त्याच वर्षी प्रमाण म्हणून स्वीकारले गेले. त्यातील पीडीएफ/ए हा प्रकार तर दीर्घकालीन जतनासाठीच २००५ साली ठरवला गेला. त्यात फॉन्ट दस्तऐवजाबरोबरच बांधलेला असतो, म्हणून तो फॉन्ट पुढे मिळाला नाही तरी मजकूर दिसतो. मसुदा संपादनासाठी ओडीएफ किंवा डॉक्समध्ये आणि अंतिम प्रत पीडीएफ/ए मध्ये, अशी दुहेरी नक्कल ठेवावी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधूनही प्रत्येक ३१ मार्चनंतर खतावणी व ताळेबंद पीडीएफमध्ये आणि नोंदी एक्सेलमध्ये बाहेर काढून ठेवाव्यात. परवान्याची मुदत संपली तरी त्या आपणास वाचता आल्या पाहिजेत.

आणि या नकला एकाच खोलीत नसाव्यात. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणच्या बाजारपेठेत पाणी चढले तेव्हा संगणक आणि त्याच्या शेजारी ठेवलेली हार्ड डिस्क एकाच पाण्यात बुडाली. एक प्रत संगणकात, एक वेगळ्या घरी किंवा वरच्या मजल्यावर ठेवलेल्या डिस्कवर, आणि एक दूरच्या शहरातील आप्ताकडे अथवा क्लाउडवर, एवढी व्यवस्था प्रत्येकास परवडण्यासारखी आहे. पावसाळ्यात डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवावी, आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुमारास, ती बाहेर काढून फाइली खरोखर उघडतात का ते पाहावे.

आपल्याकडे कित्येक जुन्या घरांत मोडीतली खतपत्रे पितळी डब्यात ठेवलेली सापडतात. ती वाचणारे लोक आता थोडे राहिले आहेत, तरी जाणकारास दाखवली म्हणजे ती बोलू लागतात, कारण अक्षर कागदावर आहे आणि ते वाचण्यासाठी कोणाचा परवाना लागत नाही. संगणकातील मजकुरास ही स्थिती आपोआप लाभत नाही; ती आपण निवडीने आणि शिस्तीने मिळवून द्यावी लागते.

त्या स्मरणिकेचे लेख तपासून झाल्यावर आम्ही ते युनिकोडमध्ये, ओडीएफ व पीडीएफ/ए या दोन्ही रूपांत, तीन ठिकाणी ठेवले. मग शाळेतील विंडोजच्या संगणकावर, माझ्या घरच्या लिनक्सवर आणि तांडेलाच्या नातीच्या मॅकवर ती फाइल एकापाठोपाठ उघडून पाहिली, आणि तिन्ही पडद्यांवर शोधपेटीत तेच दोन शब्द लिहिले. तिन्ही ठिकाणी दर्या तांडेलाच्या लेखात सापडला आणि दऱ्या शिक्षकाच्या लेखात.